मेजर, मायनर आणि बदलत्या नोकऱ्या: पदवीच्या तीन वर्षांत नेमकं कमवायचं काय?

जून-जुलैत नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कुठल्याही कॉलेजच्या प्रवेश खिडकीपाशी हल्ली नवेच शब्द ऐकू येतात. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, ओजेटी. पालक एकमेकांना विचारतात, मुलं सिनिअरना विचारतात आणि शेवटी बरेचसे अर्ज ‘मित्राने जे भरलं ते’ या हिशेबाने भरले जातात. मेजर तेवढा घरात चर्चा होऊन ठरलेला असतो. बाकीचे रकाने म्हणजे नसती कटकट, असा एकंदर सूर.

मला हे मनापासून खटकतं. कारण पुढच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत टिकून राहायला जे लागणार आहे, त्यातला निम्मा भाग या ‘बाकीच्या’ रकान्यांत आहे. ते विचार करून भरले तर पदवीला अर्थ येतो. उगीच भरले तर तीन वर्षं नुसती परीक्षा देण्यात जातात. म्हणून हा सगळा प्रकार आहे काय आणि त्याचा उद्याच्या कामाशी संबंध काय, हे मुळापासून बघू.

हे रकाने आले कुठून?

केंद्रीय मंत्रिमंडळाने 29 जुलै 2020 रोजी नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं. महाराष्ट्रात ते आधी स्वायत्त कॉलेजांत, म्हणजे 2023-24 पासून, आणि मग विद्यापीठांना संलग्न असलेल्या कॉलेजांत 2024-25 पासून लागू झालं. नाशिकमधली बहुतेक कला, वाणिज्य आणि विज्ञान कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्यामुळे इथल्या घराघरात हा विषय गेल्या दोन-तीन वर्षांतच पोचला.

श्रेयांक, ज्याला सगळे क्रेडिटच म्हणतात, हे शिकण्याच्या वेळेचं माप. ढोबळमानाने वर्गातले 15 तास किंवा प्रयोगशाळेतले, प्रत्यक्ष कामाचे 30 तास म्हणजे एक क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला 160. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जो आराखडा दिला, त्यात 120 पैकी 60 क्रेडिट मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे आहेत आणि 24 मायनरचे, म्हणजे जोडविषयाचे. उरलेले भाषा, कौशल्याचे छोटे कोर्स, दुसऱ्या शाखेतले विषय आणि इंटर्नशिप यांत वाटलेले आहेत. राज्यागणिक, विद्यापीठागणिक आकडे थोडेफार सरकतात, पण सांगाडा हाच.

आपल्याकडच्या अर्जातली लघुरूपंही एकदाच सांगून टाकतो. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, आपल्या शाखेबाहेरचा विषय. व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्याचे कोर्स. ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, कामाच्या जागी जाऊन शिकणं.

आता हे 60 आणि 60 असे दोन भाग नीट बघा. निम्मी पदवी एका विषयात आत जाण्यासाठी आहे आणि निम्मी आजूबाजूला पसरण्यासाठी. ही विभागणी सहज म्हणून झालेली नाही.

खोल आणि रुंद, दोन्ही कशासाठी?

‘टी-आकाराचा माणूस’ ही कल्पना जगात बरीच वर्षं चर्चेत आहे. संगणक क्षेत्राला कोणती माणसं लागतील यावर लिहिताना डेव्हिड गेस्ट या ब्रिटिश पत्रकाराने 1991 मध्ये ती मांडली. पुढे आयडिओ या डिझाइन कंपनीचे टिम ब्राउन यांनी ती उचलून धरली आणि ती सगळीकडे पोचली. इंग्रजी ‘टी’ अक्षराची उभी रेघ म्हणजे एका विषयातलं खोल ज्ञान. आडवी रेघ म्हणजे शेजारच्या विषयांची जाण आणि त्या विषयांतल्या माणसांबरोबर काम करता येणं.

नाशिककरांना हे समजवायला अक्षराची गरज नाही. आपल्या द्राक्षबागेत हाच आकार रांगेने उभा असतो. आधी डॉगरिजसारखा खुंट लावतात, कारण त्याची मुळं चिवट असतात, पाण्याचा ताण आणि क्षारट जमीन सोसतात. त्याच्यावर हव्या त्या जातीचं कलम करतात. कलमाची फूट बांबूला बांधत सरळ वर तारेपर्यंत नेतात, ते खोड. तारेपाशी शेंडा खुडला की दोन बाजूंना फुटी आडव्या वळवतात, ते ओलांडे. ओलांड्यांवर काड्या येतात आणि घड लागतात ते त्या काड्यांवर.

यात एक बारकावा आहे, तो बागाईतदार नव्या माणसाला हमखास सांगतो. ओलांडा एका दमात वाढू द्यायचा नाही. थोडी पानं झाली की शेंडा मारायचा, त्या तुकड्यावर काड्या फुटू द्यायच्या, मग पुढचा तुकडा. ‘थांबा आणि पुढे चला’ म्हणतात त्याला. एकदम लांबवलेल्या ओलांड्यावर मधेमधे काड्याच फुटत नाहीत, नुसती लांबी दिसते.

मेजर हे खोड आहे. मायनर, ओई, भाषा, ओजेटी हे ओलांडे. खोड बारीक राहिलं तर ओलांड्यांना रस पुरत नाही. नुसतं खोड जाड केलं आणि ओलांडेच काढले नाहीत तर घड लागायला जागा राहत नाही. आणि रुंदी मिळवायची ती एकेका सत्रात, एकेक तुकडा पक्का करत. एकाच सुट्टीत पाच ऑनलाइन सर्टिफिकेटं घेणाऱ्या मुलांचं काय होतं, ते वरच्या बारकाव्यातच आलं.

कामाच्या जागा खरंच इतक्या बदलतात का?

लांब कशाला, नाशिकजवळचं ओझर घ्या. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा तिथला कारखाना 1964 मध्ये मिग-21 ही लढाऊ विमानं बनवायला उभा राहिला. पुढे तिथे मिग-27 बनली, 2000 नंतरच्या दशकात सुखोई-30 आली. 26 सप्टेंबर 2025 रोजी हवाई दलाने मिग-21 ला निरोप दिला आणि त्यानंतर महिनाही उलटला नव्हता तेव्हा, 17 ऑक्टोबरला, नाशिकमध्ये बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए ने उड्डाण केलं. कुंपण तेच, धावपट्टी तीच. पण मिगचा सांगाडा मुख्यतः धातूचा, तर तेजसच्या सांगाड्यात कार्बन फायबरच्या संमिश्रांचा वाटा मोठा. पत्रा आणि रिव्हेट यांवर हात बसलेल्या माणसाला त्याच नोकरीत नव्या पदार्थाचं शास्त्र समजून घ्यावं लागतं.

नाशिकच्याच सातपूर औद्योगिक वसाहतीत बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणारे भाग, आणि नोझल बनतात. 1 एप्रिल 2020 ला देशात बीएस-4 वरून एकदम बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आले आणि डिझेल इंजिनाच्या सगळ्या सुट्या भागांची गणितं बदलली. आता विजेवरच्या गाड्या आल्या, ज्यांना इंजेक्टर लागतच नाही. या एका साखळीवर अंबड आणि सातपूरचे किती लघुउद्योग उभे आहेत, हे तिथे काम करणाऱ्यांना सांगायला नको.

कॉमर्सवाल्यांनी 1 जुलै 2017 आठवावा. त्या दिवशी जीएसटी लागू झाला. अबकारी कर, सेवा कर, व्हॅट यांचे वेगवेगळे तक्ते पाठ असणाऱ्यांची ती तयारी एका रात्रीत कालबाह्य झाली. त्या काळात हिशेबाचं काम करणाऱ्या पेढ्यांमध्ये जे दिसलं ते बोलकं होतं. ज्याला फक्त सॉफ्टवेअरमधली बटणं माहीत होती तो अडला. ज्याला खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून का वजा होतो हे पक्कं समजलेलं होतं, त्याने नव्या फॉर्मची मांडणी बघितली आणि तो कामाला लागला. खोल शिकणं म्हणतात ते हे. नियम बदलला तरी त्याच्या मागचं तत्त्व हाताशी राहतं.

जागतिक आर्थिक मंचाने जानेवारी 2025 मध्ये एक अहवाल काढला. जगभरातल्या हजाराहून अधिक मोठ्या कंपन्यांना त्यांनी विचारलं होतं. त्यांचा अंदाज असा की 2030 पर्यंत कामगारांच्या मूळ कौशल्यांपैकी 39 टक्के बदललेली किंवा जुनी झालेली असतील. हा मालकांचा अंदाज आहे, भविष्यवाणी नव्हे. तरी 2030 म्हणजे आज पहिल्या-दुसऱ्या वर्षात असलेल्या मुलांची पहिलीवहिली नोकरी, हे लक्षात घ्या.

फक्त खोलीने भागत नाही, हे कशावरून?

याचं उत्तर नाशिकच्या द्राक्षांनी 2010 मध्ये फार महाग किंमत देऊन मिळवलं.

एप्रिलच्या छाटणीनंतर वेलीची वाढ आटोक्यात राहावी आणि घड चांगले निघावेत म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढरोधक वापरलं जाई. त्या हंगामात आपल्याकडे निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी होत असे, त्या यादीत ते नव्हतंच. युरोपातल्या तपासणीत मात्र ते सापडलं. माल नाकारला गेला, कंटेनर अडकले, भाव कोसळले आणि नाशिक जिल्ह्यातल्या निर्यातदारांसकट हजारो बागाईतदारांना फटका बसला. नंतर ते रसायन तपासणीच्या यादीत आलं.

या साखळीत माहितगार माणसं नव्हती असं अजिबात नाही. वेलीत हे द्रव्य किती काळ टिकतं हे वनस्पतिशास्त्राचा माणूस सांगू शकत होता. ते शोधायला कुठलं यंत्र लागतं हे रसायनशास्त्राच्या माणसाला माहीत होतं. युरोपात कुठल्या रसायनाला किती मर्यादा लागते, हे कायदा वाचणाऱ्याला ठाऊक असणार. कधी फवारलं ते बागाईतदाराच्या वहीत होतं. पण एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या कामाला लागण्यासाठी मधे कुणी तरी दोन्हीकडचं कळणारं लागतं. रसायनशास्त्र शिकलेली आणि करारातली अट वाचता येणारी मुलगी. किंवा बीएस्सी ॲग्री झालेला आणि प्रयोगशाळेच्या अहवालात कोणती तपासणी *केलेली नाही* हे शोधणारा मुलगा. आज निर्यातीच्या द्राक्षांचा प्रत्येक प्लॉट अपेडा या शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत नोंदवला जातो, नमुना कुठून घेतला, निकाल काय आला हे सगळं त्यात दिसतं. ही नोंद ठेवणं, वाचणं, शंका काढणं, याच जागी आता माणसं लागतात. दिंडोरी, निफाडच्या पॅकहाउसमध्ये जाऊन कुणालाही विचारा.

उलट बाजूचं उदाहरणही आपल्याच गावचं आहे. 2003 च्या कुंभमेळ्यात नाशिकला चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले होते. 2015 च्या सिंहस्थाआधी, मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेत एमआयटी मीडिया लॅबमध्ये असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने इथे ‘कुंभथॉन’ नावाच्या कार्यशाळा झाल्या. त्यातून आलेल्या एका प्रयोगात वाटेवर अंथरायची चटई होती. वरून किती माणसं गेली हे ती मोजायची. ऐकायला सोपं वाटतं. पण सेन्सर कळणाऱ्याला इलेक्ट्रॉनिक्स येतं, अनवाणी, ओल्या पायांनी चालणारी गर्दी त्याने पाहिलेली असतेच असं नाही. आकडा आला तरी तो किती झाला म्हणजे धोका, हे संख्याशास्त्र आणि पोलिसांचा अनुभव मिळून ठरतं. चटई कुठे घालायची हे गोदाघाटाच्या गल्ल्या माहीत असलेलाच सांगणार. आता 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. भूगोल, संगणक, समाजशास्त्र, आरोग्य, पर्यटन, कुठल्याही शाखेच्या मुलाला यापेक्षा मोठी कार्यशाळा घराजवळ मिळणार नाही.

‘एक ना धड भाराभर चिंध्या’ होणार नाही का?

पालकांची ही शंका अगदी रास्त आहे आणि तिला बगल देऊन चालणार नाही. होऊ शकतं. दर सत्राला वेगळ्याच दिशेचा विषय घेतला, मेजरकडे दुर्लक्ष केलं, तर नक्की होतं. इतिहास मेजर, ओईला शेअर बाजाराची ओळख, पुढच्या सत्रात योग, त्यानंतर फोटोग्राफी. यातला एकही विषय वाईट नाही, पण ते एकमेकांना धरून नाहीत.

तोच इतिहासाचा विद्यार्थी पर्यटन मायनर घेतो, ओईला हिशेबाची मूलतत्त्वं घेतो, कौशल्याच्या कोर्सला संकेतस्थळ बनवायला शिकतो आणि ओजेटी एखाद्या वस्तुसंग्रहालयात किंवा पर्यटन संस्थेत करतो. आता पांडवलेणीवर येणाऱ्या परदेशी पाहुण्याला लेण्यांतल्या सातवाहन-क्षत्रपांच्या शिलालेखांची गोष्ट तो सांगू शकतो, सहलीचा खर्च मांडू शकतो आणि ती विकूही शकतो. विषय तितकेच, क्रेडिट तितकेच. सगळे मात्र इतिहासाच्या खोडाला धरून.

म्हणजे फरक पडतो तो विषय एकमेकांशी बोलतात की नाही यावर. खोली पुरेशी आहे का, याचीही एक सोपी परीक्षा आहे. पुस्तकात नसलेला प्रश्न समोर आला तर सुरुवात करता येते का? आणि चुकीचं उत्तर दिसल्यावर ‘इथे काही तरी गडबड आहे’ हे जाणवतं का? मार्कशीटवरून या दोन गोष्टी कळत नाहीत.

एआय सगळं सांगतंय, मग खोल शिकायचं कशाला?

वर्गात आता हा प्रश्न रोज येतो. एआय कुठल्याही विषयाची बऱ्यापैकी ओळख मिनिटभरात करून देतं, हे खरं आहे. त्यामुळे एखाद्या विषयाची नुसती तोंडओळख असण्याला पूर्वीइतका भाव राहिलेला नाही. पण ते चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देतं. ताळेबंदातली चूक ज्याला स्वतः पकडता येत नाही, त्याने एआयकडून ताळेबंद करून घेतला तर सही कुणाच्या जबाबदारीवर करायची? जागतिक आर्थिक मंचाच्या त्याच अहवालात कंपन्यांना सर्वांत जास्त हवं असलेलं मूळ कौशल्य म्हणून विश्लेषक विचार पहिला आला. दहातल्या सात कंपन्यांनी तो अत्यावश्यक सांगितला. विश्लेषण हवेत करता येत नाही, ते कुठल्या तरी विषयाचं करावं लागतं. त्यासाठी मेजर.

आणि काय विचारायचं हे ठरवायला रुंदी लागते. शेजारच्या विषयाचं अस्तित्वच ज्याला माहीत नाही, तो त्याबद्दल एआयला तरी काय विचारणार?

मग मायनर निवडायचा कसा?

माझं मत स्पष्ट आहे. ‘कुठला विषय सोपा’ आणि ‘कुठल्याला स्कोप’ हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवा. विचारायचं ते असं: माझ्या मेजरचं काम करताना मला रोज कुणाशी बोलावं लागेल? त्या माणसाचा विषय हा तुमचा मायनर.

अंबडमधला एखादा छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणा. पुण्याच्या मोठ्या कंपनीला पाठवलेला लॉट परत आला. गुणवत्ता विभागातला मुलगा मायक्रोमीटर लावून म्हणतो, माप मर्यादेच्या बाहेर गेलंय. मशीनवरचा ऑपरेटर म्हणतो, मटेरियल बदललं त्या दिवसापासून टूल लवकर घासतंय. स्टोअर म्हणतं, खरेदीवाल्यांनी स्वस्तातला पुरवठादार घेतला. अकाउंट्सच्या टेबलावर ग्राहकाची डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, येऊन पडली आहे आणि ग्राहकाला इंग्रजीत कारणमीमांसेचा अहवाल संध्याकाळपर्यंत हवा आहे. सगळे आपापल्या जागी खरं बोलताहेत. पण स्वस्तातल्या मालात किलोमागे वाचलेले पैसे आणि डेबिट नोटेत गेलेले पैसे एका कागदावर मांडून मालकापुढे ठेवणारं कुणी नसेल, तर पुढच्या महिन्यात तोच लॉट पुन्हा परत येतो.

तो कागद बनवायला इंजिनिअरच लागतो असं नाही. थोडं संख्याशास्त्र शिकलेली, मशीनपाशी जाऊन ऑपरेटरला नीट विचारणारी बीकॉमची मुलगीही तो बनवू शकते. ऑपरेटरचं मराठीतलं म्हणणं ग्राहकाला समजेल अशा इंग्रजीत लिहिणं, हेही त्यातच आलं. भाषेच्या आठ क्रेडिटना हसू नका, ते इथे उपयोगी पडतात.

या नजरेने बघितलं की जोड्या आपोआप सुचतात. रसायनशास्त्राला वाणिज्य किंवा संख्याशास्त्र, कारण औषध कंपनीत नोंदी आणि नियम यांच्याशीच गाठ. भूगोलाला संगणक, कारण नकाशे आता सॉफ्टवेअरमध्ये बनतात. मानसशास्त्राला मराठी किंवा समाजशास्त्र, कारण समुपदेशन शेवटी माणसांच्या भाषेत होतं. अर्थशास्त्राला गणित. मराठी मेजरवाल्यांना संगणक नक्की सुचवेन. भाषांतर, उपशीर्षकं, मराठीसाठीच्या एआय प्रणालींची तपासणी, या कामांना पक्की मराठी येणारी माणसं लागतात.

ओजेटीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त वाया जाणारी गोष्ट तीच. चार क्रेडिटची ओजेटी म्हणजे 120 तास. ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणून हे तास कागदोपत्री भरणं सोपं आहे. तसं करू नका. 120 तास म्हणजे जेमतेम तीन आठवडे, त्यात कुणी तुम्हाला मोठं काम देणार नाही. पण एक गोष्ट तुम्ही ठरवून करू शकता. एका वस्तूचा किंवा एका कागदाचा प्रवास सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. एक ऑर्डर आली तिथपासून पैसे जमा झाले तिथपर्यंत. वाटेत ती किती टेबलांवरून गेली, कुठे थांबली, का थांबली, हे रोज संध्याकाळी लिहून ठेवा. मुलाखतीत ‘तुम्ही काय केलं’ या प्रश्नाला असं उत्तर देणारी मुलं फार कमी असतात.

‘पण कंपन्या तर टक्केच बघतात’

पहिल्या चाळणीला बऱ्याच ठिकाणी बघतात. त्यामुळे मेजरमधले मार्क सोडून द्या असं कुणी म्हणत नाही. पण चाळणीनंतर समोरासमोर बसल्यावर प्रश्न बदलतात. आणि नोकरी लागल्यावर तर मार्क कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. तीन-चार वर्षांनी बढतीच्या वेळी बघितलं जातं ते हे की या माणसाला दुसऱ्या विभागाकडून काम करून घेता येतं का.

एक गोष्ट कंपन्यांच्या बाजूलाही सांगायला हवी. ‘मुलं तयार नसतात’ अशी तक्रार उद्योगांकडून सतत ऐकू येते. त्याच वेळी ओजेटीला आलेल्या मुलांना कोपऱ्यात बसवून फायली लावायला देणारेही कमी नाहीत. शिकवायला एक माणूस रोज अर्धा तास दिला नाही, तर मुलं तयार कुठून होणार?

घरचं काम करून शिकणाऱ्यांनी हे कुठे करायचं?

या सगळ्या चर्चेत ज्यांचा विचार शेवटी होतो, त्यांच्याकडेच खरं तर रुंदी आधीपासून असते. लासलगावच्या कांदा लिलावात वडिलांबरोबर उभा राहणारा मुलगा प्रतवारी, आवक, निर्यातबंदीचा भावावर होणारा परिणाम रोज बघतो. पंचवटीत आईची खानावळ सांभाळणारी मुलगी खरेदी, उधारी, नासाडी आणि ग्राहक एकाच वेळी हाताळते. सुरगाणा-पेठहून रोजचा प्रवास करणाऱ्या मुलांना दोन-तीन बोली येतात. यांना कुणी सांगितलेलं नसतं की हे कौशल्य आहे, म्हणून बायोडेटात ते ‘छंद: वाचन’ एवढंच लिहितात.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रकल्पाचे विषय यांच्या घरच्या कामातून निघू द्या. अर्थशास्त्राच्या वर्गात मागणी-पुरवठ्याचा आलेख लासलगावच्या दोन महिन्यांच्या भावांवर काढला, तर त्या मुलाचं खोड आणि ओलांडा एकदमच जोडला जातो. वर्गातल्या बाकीच्यांनाही त्याच्याकडून शिकायला मिळतं.

हवा तो विषय कॉलेजात नसेलच तर?

ही अडचण खरी आहे, विशेषतः तालुक्याच्या कॉलेजांत. कागदावर दहा ओई असतात, शिकवायला शिक्षक दोन. धोरणाने निवड दिली, पण शिक्षकांच्या जागा भरल्या नाहीत तर निवड नावापुरती राहते. हे सरकारने आणि संस्थांनीच सोडवायला हवं, मुलांनी ‘ॲडजस्ट’ करून सुटणारं नाही.

तोवर हाताशी असलेल्या वाटा वापरा. केंद्र सरकारच्या स्वयम या व्यासपीठावरचे कोर्स शिकायला मोफत आहेत, परीक्षेला शुल्क असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमवरून घ्यायला संस्था परवानगी देऊ शकते. इथे ‘देऊ शकते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. म्हणून कोर्सला नाव नोंदवण्याआधी कॉलेजात जाऊन, या कोर्सचे क्रेडिट माझ्या कोणत्या रकान्यात धरले जातील, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. नंतर विचारलं तर बहुधा ‘हा आपल्याकडे चालत नाही’ हे उत्तर मिळतं आणि वर्षभराची मेहनत फक्त सर्टिफिकेटापुरती उरते. नाशिकजवळ गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, नोकरी करत शिकणाऱ्यांसाठीच ते निघालं. तिथल्या अभ्यासक्रमांचीही यादी एकदा बघून या.

कमावलेले क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या खात्यात जमा होतात आणि तिथे जास्तीत जास्त सात वर्षं ग्राह्य राहतात. मधेच घरच्या अडचणीने शिक्षण सुटलं, तर एक वर्ष पूर्ण केलेल्याला प्रमाणपत्र आणि दोन वर्षं केलेल्याला पदविका घेऊन बाहेर पडता येतं आणि पुढे परतही येता येतं. बाहेर पडताना सुट्टीतला चार क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप पूर्ण असावी लागते, हे बऱ्याच जणांना वेळ निघून गेल्यावर कळतं. म्हणून पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रातच आपलं खातं उघडून बघा. नाव आधारप्रमाणे आहे का, पहिल्या सत्राचे क्रेडिट चढलेत का, हे तपासा. चढले नसतील तर परीक्षा विभागात अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.